शेजारच्या किल्ल्या

दार बंद करण्याच्या दोन पद्धती आहेत. त्या दोहोंतला फरक समजून न घेतल्यामुळे आमच्या मजल्यावरची माणसे एकमेकांपासून कायमची तुटली, असे माझे मत आहे. मत असे म्हणतो, कारण त्या मजल्यावरच्या इतरांना विचारले तर ते वेगळे कारण देतील. त्यांना विचारण्याची मला इच्छा नाही.

पहिली पद्धत जुनी. दाराला बाहेरून कडी, चौकटीला कोयंडा आणि त्यात अडकवलेले लोंबते कुलूप. हे कुलूप चोराला फोडावेच लागते. फोडताना आवाज होतो, आवाजाने माणसे जमतात. हा तिचा गुण. दोष असा, की कुलूप दिसताक्षणी घरात कोणी नाही हे जिना चढणाऱ्या प्रत्येकाला कळते. दुसरी पद्धत लॅचची. लॅच दाराच्या आतल्या अंगाला बसतो, बाहेरून फक्त किल्लीचे भोक दिसते आणि दार नुसते ओढले की ते लागते. घरात माणूस आहे की नाही, हे बाहेरच्याला समजत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डोंबिवलीत नव्या इमारतींमधून लॅच बसवण्याची लाटच आली होती. त्याबद्दल दुकानदार बरेच बोलत, पण एक गोष्ट सांगत नसत. नुसते ओढून लावलेला लॅच निम्माच लागलेला असतो. त्याची जीभ स्प्रिंगवर असते; ती पुढे येते तशी दाबली की मागेही जाते. ती पक्की करायची असेल तर बाहेर पडल्यावर किल्ली घालून फिरवावी लागते. सकाळी स्टेशन गाठण्याच्या घाईत हे कोणी करत नसे. वाचकांनी आपल्या घराच्या लॅचकडे एकदा या दृष्टीने पाहावे, इतकेच सुचवतो.

मी ठाण्यात नौपाड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे आणि डोंबिवली पूर्वेला राहत असे. प्रत्येक मजल्यावर चार दारे, मध्ये अरुंद मोकळी जागा, लिफ्ट नाही. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतली कर्ती माणसे नोकरीला जात. मी आणि माझी पत्नी दोघेही सकाळी बाहेर पडत असू. दिवसभर घरी असणारी एकच व्यक्ती होती, ती माझी आई. वडील गेल्यावर ती कोकणातले घर बंद करून आमच्याकडे आली होती. अनोळखी गावात तिला करण्यासारखे काही नव्हते. मग एकेका घराने आपली जादा किल्ली तिच्याकडे ठेवायला सुरुवात केली. शाळेतून आलेल्या पोराला दार उघडून द्यायचे, गॅसचा सिलिंडर उतरवून घ्यायचा, दुपारी पाणी आले की शेजारच्या घरात जाऊन पिंप भरून ठेवायचे. आमच्या दारामागे एक फळी होती, तिला खिळे होते, त्या खिळ्यांवर तिन्ही घरांच्या किल्ल्या असत. आईने प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती. सगळा मजला तिला आजी म्हणे. तिचा सारा मान त्या फळीवर टांगलेला होता.

आमची जादा किल्ली समोरच्या घरी होती. समोर एक जोडपे राहत असे. गृहस्थ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, वहिनी फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट. मजल्यावर पहिला लॅच त्यांनी बसवला. गृहस्थ मला म्हणाले होते, “सर, ते लोंबतं कुलूप म्हणजे चोराला आमंत्रण. तुम्ही शिकलेली माणसं, अजून कडी-कोयंड्यात अडकलाय?” मी म्हणालो, “बघू.” त्यांचा स्वर मला तेव्हाही आवडला नव्हता.

त्या वर्षी मे महिन्यात एका दिवशी आई सकाळपासून गच्चीवर होती. कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळ्यांसाठी तिथे बसून राहणे भाग होते. आमच्या दाराला तिने बाहेरून नुसती कडी घातली होती. गच्चीत जाताना कुलूप लावण्याची पद्धत इमारतीत कोणाच्याच घरी नव्हती. पापड-कुरडयांच्या दिवसांत निम्मी दारे अशीच असत. संध्याकाळी वहिनी कचेरीतून परतल्या, लॅचमध्ये किल्ली घातली, आत गेल्या आणि किंचाळल्या. कपाट उघडे, कपडे जमिनीवर, चांदीची भांडी, कानातले आणि रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन नाहीसे झालेले.

मी घरी पोहोचलो तेव्हा सगळी इमारत आमच्या मजल्यावर जमली होती. हवालदार दाराची चौकट पाहत होता. त्याने विचारू नये ते काही विचारले नाही. तो म्हणाला, “फोडलेलं नाहीये कुठे. किल्लीनेच उघडलंय. दुसरी किल्ली कोणाकडे?”

“आजींकडे,” वहिनी म्हणाल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर तो फक्त एका प्रश्नाचा प्रामाणिक जबाब झाला असता. पण त्या पुढे बोलल्या. जिन्याच्या वरच्या पायरीपासून खालच्या वळणापर्यंत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

“दिवसभर गच्चीवर होत्या म्हणे! आणि घर उघडं टाकलेलं. आमच्या किल्लीची फळी दारामागे, सगळ्या जगाला माहीत. आता कोणी घेतली, कोणी दिली, मी काय सांगू? एवढ्या विश्वासाने ठेवलेली आम्ही!”

“कोणी दिली” हे दोन शब्द मी त्या वेळी स्पष्ट ऐकले. पुढे त्यांनी ते नाकारले, म्हणून लिहून ठेवतो.

आई आत गेली, हिरव्या चिंधीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि सगळ्यांसमोर वहिनींच्या हातात ठेवली.

“ही तुझी. जिथे होती तिथेच होती. आता आमची दे.”

“आत्ता आजी? आत्ता घरात काय चाललंय बघताय ना?”

“बघतेय. दे.”

वहिनींना ती सापडेना. फ्रिजवर नव्हती, देव्हाऱ्यात नव्हती. अखेर गृहस्थांनी ती तूरडाळीच्या डब्याच्या झाकणावरून शोधून आणली. आईने ती पदराने पुसली आणि आत निघून गेली. गर्दीत कोणीतरी हसले. त्या दिवसापासून आईने जिन्यात पाऊल टाकणे बंद केले. कुरडया गच्चीवरच राहिल्या, त्या माझ्या पत्नीने खाली आणल्या.

मी शिक्षक आहे. एखादे विधान चुकीचे असेल तर ते चुकीचे आहे असे ओरडून काही होत नाही. प्रयोग करून दाखवावा लागतो, ही माझी आयुष्यभराची शिस्त. वहिनींच्या म्हणण्याचा पाया एकच होता, की दार फोडलेले नाही, म्हणजे किल्लीने उघडले. हे अनुमानच सदोष होते. त्या सकाळी दार ओढून घेतल्यावर किल्ली फिरवली होती का, असे मी गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, “ओढलं की लागतं सर, तोच तर फायदा.” मला हवे ते मिळाले. माझ्या घरी आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेची जुनी फिल्म होती. मी वर्गात एखादा प्रयोग दाखवण्याआधी घरी करून पाहतो, तसा सरावही केला.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरी तळमजल्यावर राहत, बँकेत होते आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरत. मी त्यांना सांगितले, “सगळ्यांनी पाच मिनिटे वर या. समोरच्या दारावर काही दाखवायचे आहे.” समोरच्या गृहस्थांची परवानगी घेतली. ते कुतूहलाने तयार झाले. सगळे जमले. मी आधी लॅचची रचना समजावून सांगितली. जीभ कशी असते, तिचा उतार कोणत्या बाजूला असतो, स्प्रिंगचे काम काय. मग दार ओढून बंद केले. फिल्म काढली. काही क्षणांतच दार उघडले. मी लोकांकडे वळून म्हणालो, “यावरून हे सिद्ध होते, की हे दार उघडण्यासाठी किल्लीची आवश्यकता नाही. म्हणून किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही.”

वर्गात असा प्रयोग झाल्यावर मुले “आहा” करतात. इथे सेक्रेटरींनी घसा खाकरला.

“छान. म्हणजे, अं, छानच. पण सर, हे तुम्हाला कधीपासून येतं?”

मला प्रश्न कळायला वेळ लागला. गृहस्थांना लागला नाही.

“म्हणजे सर, तुम्हाला तर किल्लीचीसुद्धा गरज नाही की!”

सगळे हसले. विनोद म्हणून हसले, पण हसता हसता एकमेकांकडे पाहिले. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा हसण्यात सामील झाले नाहीत, ते म्हणाले, “सर असले तरी असल्या विद्या चारचौघांत दाखवू नयेत. पोरं बघतात.” आमच्या दाराच्या आत आई उभी होती. तिने सगळे ऐकले होते. मी आत गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तुला कोणी सांगितलं होतं रे?”

माझा प्रयोग बरोबर होता. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. ज्यांच्यासमोर केला ते वर्ग म्हणून नालायक होते, हे मला आधी कळायला हवे होते, एवढेच.

त्याच आठवड्यात मजल्यावरची उरलेली दोन घरे किल्ल्या परत न्यायला आली. प्रत्येकाकडे सोयीचे कारण होते. एका बाईंच्या सासूबाई गावाहून येणार होत्या, त्या घरीच राहणार होत्या. त्या सासूबाई कधीही आल्या नाहीत. दुसरे गृहस्थ म्हणाले, “आजी, तुम्हाला उगाच त्रास कशाला? वय झालं आता तुमचं.” आईने लाल चिंधी सोडून घेतली, किल्ली दिली. निळी चिंधी सोडून घेतली, किल्ली दिली. चिंध्या मात्र तिने ठेवून घेतल्या. पुढे पाणी आले की शेजारच्या घरांतले नळ तसेच वाहत राहत, खालच्या मजल्यावर ओल येई, भांडणे होत. मला त्याचे दुःख झाले नाही.

मग लोखंडी जाळीच्या दारांचा काळ आला. लाकडी दाराच्या बाहेर, चौकटीला, बाहेरच्या बाजूला उघडणारे दुसरे दार. त्याला आम्ही सगळे सेफ्टी डोअर म्हणत असू. पहिले अर्थात समोरच्यांचे. गृहस्थांनी ते वागळे इस्टेटमधल्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले, टेम्पोतून आणले आणि जिन्यातून वर चढवताना भिंतीचा गिलावा काढला. बिजागऱ्या बसवल्या त्या नेमक्या आमच्या बाजूला. त्यामुळे ते दार पूर्ण उघडले की आमच्या दारासमोर आडवे येई आणि आम्हाला बाहेर पडता येत नसे. मी लेखी नाही, तोंडीच तक्रार केली.

“बिजागरी दुसऱ्या बाजूला घेतली असती तर दोघांचीही सोय झाली असती.”

“आता झालंय सर वेल्डिंग.”

“ते काढता येतं.”

“तुम्हाला सगळंच काढता येतं सर,” वहिनी आतून म्हणाल्या. “आम्हाला नाही येत.”

वर्षअखेरपर्यंत चारही दारांना जाळ्या बसल्या. आमचीही बसवली, कारण आईनेच मागितली. तिने अट घातली, की गज इतके जवळ हवेत की बाहेरून हात आत येता कामा नये. प्रत्येक लाकडी दाराला भिंगाचा डोळा आला, आत साखळी आली. कडी-कोयंडेही परत आले, तेही आतून आणि बाहेरून. सकाळी बाहेर पडताना प्रत्येक घर किल्ल्यांचा जुडगा काढून कुलपे लावी आणि ती पुन्हा पुन्हा ओढून पाहत असे. माणसे एकमेकांकडे पाहत नसत, कुलपांकडे पाहत. चारही लाकडी दारे दिवसभर बंद राहू लागली. बेल वाजली की आधी आतून पावले, मग भिंगामागे काळोख, मग “कोण?” आणि उत्तर कितीही ओळखीच्या आवाजात दिले तरी साखळीइतकीच फट. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही साधने उत्तम आहेत, ती मी कोणालाही सुचवेन. आमच्या मजल्यावर त्यांनी चोराला किती रोखले ते मला ठाऊक नाही. माणसांना चांगलेच रोखले.

आईचे नाव मात्र तसेच राहिले. खालच्या मजल्यावर कोणी नवीन भाडेकरू आला तर त्याला तो किस्सा सांगितला जाई. “चौथ्या मजल्यावरच्या आजी” एवढे ऐकले की मला पुढचे वाक्य माहीत असे. आई तिच्या खोलीत बसून वाती वळे. देवळात जाणेही तिने सोडले, कारण देवळात जायचे तर जिना उतरावा लागे आणि जिन्यात लोक असत. पत्नीने तिला एकदा विचारले, “आई, पुन्हा गावी जायचंय का?” ती म्हणाली, “चोर म्हणून जाऊ?”

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता कल्याणला एक माणूस दुसऱ्याच चोरीत पकडला गेला. त्याच्या खोलीवर समोरच्यांचा टू-इन-वन सापडला. गृहस्थांना ओळख पटवायला बोलावले. त्यांनी तो ओळखला, कारण कॅसेटच्या झाकणाला त्यांनीच चिकटपट्टी लावली होती. त्या माणसाने आमच्या इमारतीतले काम कसे केले तेही सांगितले. दुपारी जिना चढला, लॅच पाहिला, एक्स-रेची फिल्म घातली. ही बातमी इमारतीत फिरली. पण आमच्याकडे येऊन कोणी सांगितली नाही. मला ती सेक्रेटरींकडून स्टेशनच्या पुलावर कळली.

“सर, तुमची ती, अं, ट्रिक बरोबर होती म्हणायची.”

“ट्रिक नव्हती,” मी म्हणालो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. आई भिंगाला डोळा लावून उभी राहिली, मग तिने लाकडी दार उघडले. जाळी बंदच ठेवली. बाहेर समोरच्या वहिनी होत्या, हातात फराळाचे ताट, वर क्रोशाचा रुमाल. चोरी झाल्यापासून त्या घरातून आमच्याकडे काही आले नव्हते आणि आमच्याकडून काही गेले नव्हते. मी आतल्या खोलीच्या दारात होतो.

“आजी, फराळ.”

आईने कडीला हात लावला नाही.

“आजी, दार उघडा ना. ताट जड झालंय.”

“चोर सापडला म्हणे तुमचा.”

“हो ना! कल्याणला. टू-इन-वन मिळाला, चांदी नाही मिळाली. जाऊ दे आता. झालं गेलं...”

“तुझा टू-इन-वन आला. माझं गेलं ते कोण आणणार गो?”

“असं काय बोलता आजी? तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. तोंडातून गेलं काहीतरी.”

“काहीतरी नव्हे. मी ऐकलं. जिन्यात बोललीस, सगळ्यांच्या देखत. हे आता माझ्या दारात कुजबुजू नको. जिन्यात बोल.”

वहिनींचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. त्यांनी मागे वळून मोठ्याने म्हटले, “आजींनी काही केलं नव्हतं! चोर सापडला! आमची चूक झाली!”

त्या बोलल्या तेव्हा मजल्यावरची बाकीची दोन्ही दारे बंद होती. जिन्यात कोणी नव्हते. कुठून तरी रेडिओचा आवाज येत होता, तोही दाराआडून.

“कोणी ऐकलं?” आईने विचारले.

“आता दारं बंद आहेत त्याला मी काय करू?”

“बेल वाजव.”

“आजी!”

“तेव्हा हाक मारावी लागली नव्हती. सगळे आपणहून आले होते. आता बेल वाजव.”

मला वाटले त्या ताट घेऊन परत जातील. मला तेच हवे होते, हेही खरे. पण त्यांनी ताट जमिनीवर ठेवले आणि शेजारची बेल दाबली. भिंगामागे काळोख झाला. “कोण?” साखळीइतकी फट उघडली. वहिनींनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. फटीतून “हो का? बरं, बरं” असे उत्तर आले आणि दार लागले. मग त्यांनी दुसरी बेल दाबली. तिथे तीच फट, तेच वाक्य. “कळलं होतं आम्हाला,” आतून आवाज आला. वहिनी म्हणाल्या, “मग आजींना का नाही सांगितलंत?” तेही दार लागले.

त्या परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रागाने की कशाने, मी सांगू शकत नाही.

“खाली सेक्रेटरींकडे नाही जाणार मी. ह्यांना सांगते. मीटिंगमध्ये बोलतील.”

“बोलू दे. सगळ्यांसमोर बोलू दे.”

आईने जाळीची कडी काढली, दार ताटापुरते उघडले, ताट आत घेतले आणि कडी पुन्हा लावली. “या” म्हणाली नाही, “बस” म्हणाली नाही. वहिनी क्षणभर जाळीबाहेर थांबल्या, मग आपल्या दाराआड गेल्या.

गृहस्थ पुढच्या मीटिंगमध्ये बोलले. दोन वाक्ये बोलले, पण बोलले. मी तिथे होतो. त्यानंतर आई देवळात जाऊ लागली. जिना उतरताना कठड्याला धरून अगदी सावकाश, प्रत्येक दारासमोरून.

त्याआधी ताटाचे झाले. आमच्याकडे फराळाचे ताट रिकामे परत पाठवत नाहीत. निदान चार चकल्या, एक लाडू, काही नसले तर चिमूटभर साखर घालून पाठवतात. त्या संध्याकाळी आईने ते ताट स्वच्छ घासले, कोरडे पुसले, क्रोशाचा रुमाल घडी घालून त्यावर ठेवला आणि माझ्या हातात दिले. घरात आमचाही फराळ भरपूर होता. मी तिच्याकडे पाहिले.

“असंच?”

“असंच. नेऊन दे.”

मी समोरची बेल वाजवली. वहिनींनी जाळीतून ताट पाहिले. रुमाल उचलून पाहण्याची गरज नव्हती. त्यांनी कडी काढली, ताट घेतले आणि दार लावून घेतले.